भोंग्याची नवी बत्तीशी

मी कवळ्या बनवते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग पटकन तोंड मिटतो, कारण त्याला वाटतं मी त्याचे दात बघतेय. बघतेच. सवयच लागलीय, त्याला मी काय करू? लोक लग्नाच्या फोटोत कपडे बघतात, मी सुळे बघते. शहरातले दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन माझ्याकडे पाठवतात, मी घरामागच्या खोलीत बसून त्या मापावर दात लावते, आणि डॉक्टर ते ज्याचे त्याला बसवून देतात. कुणाचं तोंड आहे ते मला कळतही नाही, डब्यावर नुसता नंबर असतो. फक्त एकदा त्या टेबलावर माझ्या सख्ख्या भावाचा जबडा आला. त्या एका बत्तीशीने माझा जेवढा अंत पाहिला, तेवढा बाकीच्या सगळ्यांनी मिळून पाहिला नसेल.

भाऊ धाकटा. घरात त्याला भोंगा म्हणतात. तान्हा असताना तो रडायला लागला की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे, तेव्हापासूनचं ते नाव. शाळेत सूचना वाचायला हाच, मैदानावर ओरडायला हाच, आणि मोठा झाल्यावर बस स्थानकात घोषणा करायची नोकरी लागली तीही यालाच. "आता पगार घेऊन ओरड," असं आई म्हणाली होती. स्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेची केबिन, तिथे चढायला लोखंडी जिना, आत एक खुर्ची, एक माइक, आणि खाली पसरलेले सगळे फलाट. त्या खुर्चीत बसला की हा राजा. मला तर कधी कधी रागच यायचा. माणसाने नोकरीवर इतकंही खूश असू नये!

केबिनच्या बरोबर खाली चौकशीची खिडकी. तिथे बसणारे काका भोंग्याचे मित्रही आणि वैरीही. भोंगा फडाफडा बोलायचा, आणि त्याची घोषणा संपली रे संपली की काकांच्या खिडकीवर रांग लागायची. काय म्हणाला हो तो? कुठला फलाट म्हणाला? "वर हा तोफ डागतो आणि खाली मी धूर पुसत बसतो," असं काका म्हणायचे. भोंगा वरून हात हलवायचा. पण आवाज मात्र असा खणखणीत, की लोक त्याला नावाजायचेच. समजलं नाही तरी ऐकत राहावं असा.

सुट्ट्यांच्या गर्दीत त्याला दोन-दोन पाळ्या कराव्या लागायच्या. लांब पल्ल्याच्या एका ड्रायव्हरने त्याला एकदा काचेच्या चुऱ्यासारखं काहीतरी दिलं आणि म्हणाला, झोप पळून जाईल. पळाली. झोपेच्या मागोमाग भूक पळाली, मग वजन, मग बायको. तिला मी दोष देत नाही, मी तिच्या जागी असते तर आधीच पळाले असते. त्या लोकांत त्या वस्तूला नुसतं 'काच' म्हणतात. डॉक्टर मेथॅम्फेटामिन म्हणतात. हा शब्द उच्चारायला अख्खी बत्तीशी लागते, आणि ते मेलं नेमकी बत्तीशीच खातं.

कसं खातं ते मला विचारा, माझा धंदाच तो. काच घेतली की तोंड कोरडं ठणठणीत पडतं. थुंकी म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण दातांची राखण तीच करते. ती आटली की दात उघडे पडले. त्यात अशा माणसाला गोड, थंड बाटल्यांची हाव सुटते. त्यात तो दिवसरात्र दातावर दात घासत बसतो, त्याचं त्याला कळतही नाही. आणि जो झोपत नाही, जेवत नाही, तो दात घासायचं लक्षात ठेवेल का? आमच्या भोंग्याचे दात हिरड्यांजवळ काळे पडले, मग तुकडे पडायला लागले. एकदा माझ्याकडे पाव खाता खाता त्याने दाताचा तुकडा काढून बशीच्या कडेला ठेवला, सहज, बी काढून ठेवावी तसा.

दात तर दिसायचे तरी. बाकीचं कळायला वेळ लागला. कातडीखाली मुंग्या चालतायत म्हणून तो हात खाजवून खाजवून रक्त काढायचा, आणि त्या जखमा भरायच्याच नाहीत. हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की समोर दिसेल ते उघडायचा. माझं कवळ्यांना चकाकी द्यायचं मशीन त्याने असंच उघडलं, सगळे स्क्रू लहान-मोठे निवडून टेबलावर ओळीने मांडले, आणि परत जोडायचं काही सुचेना. मग एक दिवस पंखा उतरवला. म्हणे, पंख्यात कोणीतरी बसलंय, माझं बोलणं टिपून घेतंय. मी म्हटलं, "अरे बाबा, तुझं बोलणं अख्खं स्थानक ऐकतं. टिपायला पंख्यात कशाला बसावं लागेल कुणाला?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीही त्यांच्यातलीच. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

शेवटी तो लोखंडी जिन्यावरच कोसळला. चौकशीच्या खिडकीतून काका धावले म्हणून वाचला. पाय सुजलेले, धाप थांबेना, आडवं पडलं की जीव घुसमटायचा. हॉस्पिटलमध्ये हृदयाच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्या भावाचं हृदय मोठं झालंय." मला वाटलं कौतुक करतायत की काय! मग त्यांनी नीट सांगितलं. काच हृदयाला असं काही पळवते की त्याचा स्नायू ताणून ताणून सैल पडतो, आणि मग रक्त ढकलायला त्याच्यात जोरच उरत नाही. अजून घेतली तर मेला. सोडली आणि गोळ्या नेमाने घेतल्या तर हृदय बरंचसं सावरू शकतं, असंही त्या म्हणाल्या. 'बरंचसं' हा शब्द मी पदराला गाठ मारून घरी आणला, आणि भाऊही.

सोडवायचं कसं? त्याला औषध-बिषध काही नसतं म्हणे. म्हणजे चार गोळ्या घेतल्या आणि सुटली, असं नाही. आधी तो नुसता झोपला. मग खात सुटला. मग भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. कशातच मन लागेना, आवडता खेळ टीव्हीवर लागला तरी हा छताकडे बघतोय. ज्या केंद्रात तो दर आठवड्याला बोलायला जायचा, तिथल्या बाईंनी मला समजावलं, त्याच्या मेंदूला आनंद कसा होतो हेच विसरायला झालंय, ते परत येतं, पण हळूहळू येतं. आणि तोवर त्याला सकाळी उठायला काहीतरी कारण लागेल. कारण नसलं की माणूस काचेकडेच वळतो.

मी घरी येऊन त्याला सरळ विचारलं, "तुला सकाळी उठून काय करावंसं वाटेल?"

तो म्हणाला, "मला खुर्चीत बसायचंय, ताई. वरच्या. बाकी काही नको." पण हे वाक्य त्याच्या तोंडातून नीट बाहेरच आलं नाही. तोवर डॉक्टरांनी वरचे सगळे आणि खालचे बहुतेक दात काढले होते. नुसता लगदा आला बाहेर. मला तरी कळलं, कारण मी रोज तसल्याच तोंडांच्या साच्यांत बसते.

म्हणजे झालं होतं असं की खुर्ची दातांवर अडली होती आणि भाऊ खुर्चीवर.

मी गेले स्थानकप्रमुख मॅडमना भेटायला. बाई करड्या, पण वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "तो नाही तरी त्याचा आवाज आहे ना आमच्याकडे." खरंच होता. आधीच्या साहेबांनी एक यंत्र आणलं होतं, त्यात भोंग्याच्या आवाजात आकडे, दिशा, वेळा, फलाट असं सगळं तुकड्या-तुकड्यांनी भरून ठेवलं होतं. बटण दाबलं की यंत्र ते तुकडे जोडून घोषणा करायचं. भोंगा माझ्या घरी पलंगावर पडलेला, आणि स्थानकात भोंगाच बोलतोय! माझं घर तिथून जवळ. वारा इकडचा असला की घरात ऐकू यायचं, आणि तो उशी कानावर दाबून घ्यायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याला खुर्चीची आठवण येत असेल.

पण मॅडमचीही अडचण होती. नव्या गाड्या सुरू झालेल्या, त्यांचे आकडे यंत्रात नव्हते, गाडी उशिरा का येतेय हे यंत्राला सांगता येत नव्हतं. एक तर दुसऱ्या आवाजाचं नवं यंत्र घ्यायचं, नाहीतर माणूस बसवायचा. "महिनाअखेरीला घेऊन या त्याला," त्या म्हणाल्या. "एक अख्खी सकाळ बोलू दे. लोकांना समजलं पाहिजे आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाहिजे. जमलं तर एका पाळीपुरती खुर्ची त्याची. नाही जमलं तर ताई, माझा नाइलाज आहे."

डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. दात मात्र अडून बसले. वरची कवळी टाळूला चिकटते ती थुंकीच्या पातळशा थरावर, आणि भोंग्याच्या तोंडाचं अजून वाळवंट. दातांचे डॉक्टर म्हणाले, तोंडाला पाणी सुटू दे, मग माप घेऊ. मग काय, सुटू दे तर सुटू दे! मी त्याच्यासमोर बसून लिंबाच्या फोडी चोखायला लागले, डोळे मिचकावत, मिटक्या मारत. पहिल्यांदा तो नुसता बघायचा. मग एक दिवस त्याने घोट गिळला आणि शर्टाच्या बाहीने ओठ पुसले. मी आनंदाने एवढ्या जोरात ओरडले की आमचे हे आतून चष्मा न लावताच धावत आले. ते फार कमी बोलतात. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि बाजारातून पिशवीभर लिंबं आणून ठेवली. मग डॉक्टरांनी माप घेतलं, आणि दात तोंडात घालून बघायचं त्यांचं कामही या वेळी माझ्यावरच सोपवलं.

आता इथे माझ्या कामाची एक रीत सांगायला हवी. दात आधी मेणात लावतात. गुलाबी मेणाचा जबडा, त्यात एकेक दात बसवायचा, आणि ते तसंच माणसाच्या तोंडात घालून बघायचं. मेणात आहेत तोवर दात मागे-पुढे सरकवता येतात. एकदा का मेण काढून त्या जागी प्लास्टिक भरलं आणि पक्की कवळी शिजवली, की शिजली, मग देवही काही करू शकत नाही. म्हणून त्या मेणाच्या दिवशी डॉक्टर माणसाला साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावतात. त्यात 'स' आणि 'ष्ट' इतके येतात की दात जरा जरी चुकले तरी शिट्टी वाजते. शिवाय मी डॉक्टरांकरवी जुना हसरा फोटो मागवते, दात किती पुढे, किती लांब होते ते कळायला.

भोंग्याचा फोटो शोधायला गेले तर एका फोटोत तोंड दिसेल तर शपथ! प्रत्येक फोटोत तोंडासमोर माइक. घ्या आता. मग मला वाटलं, फोटो नसला म्हणून काय झालं, आवाज आहे की. मी स्थानकात गेले, बाकावर बसले आणि यंत्रातल्या भोंग्याच्या घोषणा फोनवर रेकॉर्ड करून आणल्या. खोलीत बसून त्या पुन्हा पुन्हा ऐकल्या. त्याच्या 'स'ला काय धार होती! मी पुढचे दात केसभर आत घेतले, केसभर बाहेर काढले, त्याला बोलावून आकडे म्हणायला लावले, परत सरकवले. आणि एका दुपारी त्याच्या तोंडातून 'बासष्ट' असा काही टणक निघाला, की मी हातातला चाकू खाली ठेवला. यंत्रातला आवाज आणि हा आवाज, फरकच नाही. माझ्या सगळ्या कामात असं काम मी केलं नव्हतं. मला माझीच पाठ थोपटावीशी वाटत होती.

"आता घोषणा म्हण," मी म्हटलं. "तश्शीच."

मी फोनवर आधी यंत्राची घोषणा लावली. मग त्याने सुरुवात केली. त्याच वेगाने, तशीच फडाफड. गाडी क्रमांक, दिशा, वेळ, आणि फलाटापर्यंत पोचायच्या आत त्याची छाती भरून आली. तो थांबला, टेबलाला धरून दम घेतला. मी म्हटलं, पुन्हा म्हण. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने सुरूच केलं नाही. दोन बोटांनी मेणाचे दात काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले.

"हे त्याचे दात आहेत," तो बोळक्या तोंडाने म्हणाला.

"कुणाचे?"

"त्या यंत्रातल्याचे. तो मी नाही, ताई."

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं, तुटक तुटक, मध्ये पाणी पीत. ते यंत्र आणलं तेव्हा साहेबांना सगळे तुकडे घाईने हवे होते. हा केबिनमध्ये बसला तो काच घेऊनच बसला, आणि सगळं संपेपर्यंत खुर्चीतून उठला नाही. झोप नाही, जेवण नाही, पाणीही नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. लोक ज्याला खणखणीत म्हणून नावाजतात, तो काचेचा आवाज. तो वेग काचेचा. "तो सुरू झाला की मला वास येतो तिचा," तो म्हणाला. "जीभ कोरडी पडते. मी उशी कानावर का घेतो, तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलंच आहे. मी मूर्खासारखी त्याच्याच घशाशी तो आवाज परत आणून बसवत होते, वर केसभर आत, केसभर बाहेर! मला एवढी लाज वाटली, आणि मला लाज वाटली की राग येतो. मी खेकसले, "मग इतके दिवस सांगायला काय झालं होतं? तोंडात काय होतं तुझ्या?"

"काहीच नव्हतं," तो म्हणाला. "दातच नव्हते ना!"

आणि हसला. किती काळाने हसला! हिरड्या दाखवून, तान्हा असताना हसायचा तसा. मीही हसले, मग रडले, मग त्याला चहा दिला. महिनाअखेर जवळ आली होती आणि माझ्यासमोर एक सुंदर, अगदी बिनचूक, चुकीची कवळी पडली होती.

मी सगळे दात मेणातून उपटले. पण आता लावू कशाच्या मापाने? फोटो नाही, आवाज नको. काचेच्या आधीचा भोंगा कसा बोलायचा ते मलाही आठवेना. आकडे म्हणायला लावलं की तो लगेच घोषणेच्या सुरात शिरायचा, आणि जबडा घट्ट आवळायचा. दात घासत बसायची ती सवय अजून अंगात होती. आवळलेल्या जबड्यावर दात लावले की पुढे ते कायम टोचतात. मी हात टेकले. त्या वैतागात मी त्याला म्हटलं, "लहानपणापासून तू असाच. माझी सायकलही तूच पाण्यात घातलीस."

"मी?" तो उसळला. "सायकल तू स्वतः घातलीस! उतारावर हात सोडून कोण गेलं होतं?"

"तू मागून ढकललंस!"

"मी ढकललं नाही, मी पकडत होतो! आणि मार कुणी खाल्ला? मी!"

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. जबडा सैल सुटला होता. ओठ हवे तसे हलत होते. वाक्य लांबलं की तो आपोआप थांबत होता, दम घेत होता आणि तिथूनच पुढे भांडत होता, कुठे अडत नव्हता. हाच तर होता आमचा भोंगा! मी हळूच मेणाचा जबडा त्याच्या तोंडात सरकवला आणि म्हटलं, "बरं, आणि आईचा आरसा कुणी फोडला?"

मग सुरू झालं. आरसा, शाळेचं दप्तर, शेजाऱ्यांचं मांजर, त्याच्या लग्नात मी काय बोलले आणि माझ्या लग्नात तो काय बोलला. तो भांडतोय, मी भांडतेय, आणि मध्ये मध्ये "थांब, आ कर" म्हणून एकेक दात सरकवतेय. आमचे हे दारात येऊन उभे राहिले, त्यांना वाटलं आता मारामारी होणार. मी डोळ्याने खुणावलं, काम चाललंय. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळं बालपण भांडून काढलं. शेवटचा दात बसला तेव्हा तो "तूच खोटारडी" म्हणाला, आणि त्यातला 'त' असा नेमका दातांवर टेकून आला, की मी म्हटलं, झालं. हीच शिजवायची.

महिनाअखेरीच्या त्या सकाळी आम्ही स्थानकात गेलो. जिन्याच्या मधोमध तो थांबला, कठडा धरला, दम घेतला, मग वर गेला. मी खाली बाकावर बसले. मॅडम चौकशीच्या खिडकीशेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या. कवळी सुटली तर? खोकला आला तर? आणि खुर्ची गेली, तर उद्या सकाळी हा कशासाठी उठेल?

कर्ण्यात खरखर झाली. घोट घेतल्याचा आवाज आला. मग भोंगा बोलला. "सूचना. उत्तरेकडे जाणारी गाडी... रस्त्याच्या कामामुळे... थोडी उशिरा येतेय. ती फलाट..." आणि थांबला. नुसता श्वास ऐकू आला. "...चारवर लागेल. बसून घ्या, घाई नाही."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. माझा जीव टांगणीला. यंत्रातल्या भोंग्यापुढे हा आवाज म्हणजे अगदीच साधा, जरा घोगरा, आणि मध्ये मध्ये अडून श्वास घेणारा. तसाच तो बोलत राहिला. गाडीमागून गाडी. मॅडम एकदा घड्याळाकडे बघायच्या, एकदा वर काचेकडे. त्या तोंड उघडून काही बोलणार, तेवढ्यात चौकशीच्या खिडकीतून काकांनी डोकं बाहेर काढलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मी जरा चहा पिऊन येऊ का?"

"आत्ता? सकाळच्या गर्दीत?"

"कसली गर्दी? खिडकीवर बघा की."

आम्ही दोघींनी बघितलं. खिडकीवर चिटपाखरू नव्हतं. घोषणा झाली की लोक मान वर करत होते, तो थांबला की थांबत होते, फलाटाचा आकडा आला की सामान उचलून तिकडे चालायला लागत होते. कुणालाच काही विचारायचं नव्हतं. "एवढी वर्षं मी इथे बसलोय," काका म्हणाले, "आज पहिल्यांदाच वाटतंय, माझीच नोकरी जाणार."

मॅडम हसल्या. हसल्या म्हणजे एका बाजूचा ओठ हलला, डावा सुळा दिसला. माझा जीव भांड्यात पडला.

भोंगा सावकाश खाली उतरला तेव्हा त्यांनी सांगितलं, एक पाळी, सकाळची, जादा काम नाही, उद्यापासून. "पण यंत्र असू दे," त्या म्हणाल्या. "तू सुट्टीवर असलास की तुझा जुना आवाज लावता येईल. फार चांगला आवाज होता तो."

"चांगला होता, मॅडम," भोंगा म्हणाला. "पण आजारी होता. पुसून टाका."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातांवरच्या पांढऱ्या डागांकडे बघितलं आणि काही न विचारता मान हलवली. त्याच आठवड्यात ते पुसलं गेलं. आता वारा इकडचा असला की घरात जो ऐकू येतो तो हा भोंगा. सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. गोळ्या आयुष्यभर आहेत, गोष्टी विसरतो, कधी कधी दिवसभर गप्प असतो, आणि त्याच्या त्या दर आठवड्याच्या बैठकीला खाडा होऊ नये म्हणून मी पहाऱ्याला बसलेली असते. पण तो सकाळी उठतो. माझ्याआधी उठतो, कवळी घासतो आणि मला चहाला हाक मारतो.

परवा त्याचा डबा घरी राहिला म्हणून मी स्थानकात गेले. बाकावर जरा टेकले, कारण घोषणा चालू होती. गाडी क्रमांक, दिशा, आणि मग फलाटाच्या आधी तो थांबला. शेजारच्या बाई पिशवी धरून थांबल्या, एक म्हातारा एक पाय उचलून थांबला, मीही श्वास धरून थांबले. त्याचा श्वास आला, आकडा आला, आणि सगळे चालायला लागले. तेवढ्यात कर्ण्यात पुन्हा खरखर झाली.

"सूचना. डबा घेऊन आलेल्या ताईंनी... डबा वर आणून द्यावा. सफरचंद कापून आणलं असेल अशी आशा आहे. नसेल तर... भांडण होईल."

सगळं स्थानक माझ्याकडे बघून हसायला लागलं. काकांनी खिडकीतून टाळी वाजवली. मी डोळे पुसत उठले, वर काचेकडे बघून त्याला मूठ दाखवली आणि जिन्याकडे निघाले, तर मागून पुन्हा आवाज आला.

"आणि जिना सावकाश चढ, ताई. मी आहे इथेच."